नामनिर्देश आणि सत्ता : 'स्त्रीपुरुषतुलने'च्या निमित्ताने

सार्वजनिक जीवनातील व्यक्तीचा उल्लेख कोणत्या नावाने करावा, हा वरकरणी शिष्टाचाराचा प्रश्न वाटतो. वस्तुतः नामनिर्देश ही वर्गीकरणाची क्रिया आहे. ज्या नावाने आपण एखाद्याला हाक मारतो, त्याच नावाने त्याचे समाजातील स्थानही ठरवून टाकतो. मराठी वृत्तपत्रीय गद्याने राजकारणातील पुरुषाला सामान्यतः आडनावाने व पदाने ओळखले, तर स्त्रीला पहिल्या नावाने आणि त्याला जोडलेल्या 'बाई', 'ताई' अशा प्रत्ययवजा शब्दांनी. या भेदाचा इतिहास शोधू लागलो, की स्त्रिया विधिमंडळात पोचण्याच्या कितीतरी आधी, १८८२ साली, वऱ्हाडातील बुलढाणा येथे राहणाऱ्या एका लेखिकेपाशी येऊन थांबावे लागते.

ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध त्या वर्षी पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. त्याचे निमित्त सर्वश्रुत आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. या प्रकरणाच्या अनुषंगाने 'पुणेवैभव' या सनातनी पत्राने एकंदर स्त्रीजातीच्याच नीतिमत्तेवर टीका केली. शिंदे यांचा निबंध हे त्या टीकेला दिलेले उत्तर होय.

या निबंधाचे वाचन बहुधा विधवाविवाह, पुरुषी दांभिकता व स्त्रीचे दुःख या अंगांनी झाले आहे. ते योग्यच आहे. परंतु वृत्तपत्रीय भाषाव्यवहाराची मीमांसा म्हणूनही तो वाचता येतो. वृत्तपत्राने केले काय? विशिष्ट परिस्थितीत सापडलेल्या एका स्त्रीच्या कृत्याचे कर्तृत्व तिच्याकडे न ठेवता ते 'स्त्री' या जातिवाचक नामाकडे सोपवले. पुरुषाचा गुन्हा मात्र त्या पुरुषाचाच राहतो. त्यावरून 'पुरुषजात' आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहत नाही. निबंधाच्या शीर्षकातील 'तुलना' हा शब्द या असमान व्याकरणावर नेमके बोट ठेवतो. जे दोष स्त्रियांना लावले जातात ते पुरुषांत नाहीत काय, हा शिंदे यांचा मूलभूत प्रश्न आहे. एकाच मापाने दोघांना मोजा, एवढेच त्यांचे म्हणणे. आणि तेवढेच त्या काळाला असह्य होते.

त्यांची बाजू घेणारा आवाजही येथे तपासण्याजोगा आहे. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात या निबंधाची पाठराखण केली. ती करताना त्यांनी लेखिकेचा उल्लेख 'चिरंजीविनी' असा केला. शिंदे यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे सत्यशोधक समाजाशी संबंधित होते, हे ध्यानात घेतले तर या शब्दातील जिव्हाळा कळतो. तरीही त्या काळातील सर्वांत पुरोगामी मराठी गद्यालाही स्वतंत्र बुद्धीच्या लेखिकेला सामावून घेण्यासाठी कन्येचे नाते लागले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. निंदा स्त्रीला जातीत विरघळवते, गौरव तिला कुटुंबात बसवतो. व्यक्ती म्हणून तिचा निर्देश दोन्हीकडे लांबणीवर पडतो.

याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान. पुणे जहागिरीचा कारभार आणि न्यायनिवाडा यांत त्यांचा प्रत्यक्ष वाटा होता. लोकस्मृतीत मात्र त्यांचे सर्वमान्य अभिधान 'राजमाता' हेच आहे. हे अभिधान आदराचे आहे यात शंका नाही. पण त्यातून मिळणारी प्रतिष्ठा पुत्रामार्फत येते आणि प्रशासकाचे कर्तृत्व मातृत्वाच्या छायेत जाते.

विसाव्या शतकात स्त्रिया निवडून येऊ लागल्या तेव्हा वृत्तपत्रांना हीच नामव्यवस्था हाताशी मिळाली. पंतप्रधानपदी असलेल्या इंदिरा गांधी मराठी राजकीय लेखनात सर्रास 'इंदिराबाई', कित्येकदा नुसत्या 'बाई' झाल्या. पाण्याच्या प्रश्नावर गोरेगावात लढलेल्या मृणाल गोरे 'पाणीवाली बाई' ठरल्या. १९७७ च्या निवडणुकीशी निगडित 'पाणीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा गाजली. एक सत्ताधीश, दुसरी त्या सत्तेची विरोधक. घोषणेने दोघींना एकाच नामात आणून बसवले. 'बाई' या शब्दात आपुलकी आहे, अधिक्षेपही आहे. या दुहेरीपणामुळेच तो आक्षेपाच्या कक्षेबाहेर राहतो.

पुरुष नेत्यांनाही 'दादा', 'अण्णा', 'साहेब' म्हटले जातेच, असा प्रतिवाद संभवतो. परंतु पुरुषाच्या बाबतीत ही जवळीक ऐच्छिक असते. अग्रलेखात तो पुन्हा आडनावाचा धनी होतो. आडनावामुळे स्त्री-पुरुषांत घोटाळा होईल, ही सबबही टिकत नाही. मराठीत क्रियापदच लिंग सांगते. 'गोरे म्हणाल्या' या वाक्यात संदिग्ध काही नाही. अलीकडे बातम्यांत अशी रचना दिसू लागली आहे. अडचण भाषेची नव्हती, हे त्यावरून सिद्ध होते. २००७ मध्ये प्रतिभा पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा त्या पदनामातील 'पती' या घटकावर चर्चा झडली. 'राष्ट्रपती म्हणाल्या' या साध्या वाक्याने तो पेच मराठीपुरता मिटला होता.

७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामपंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या; महाराष्ट्रात २०११ पासून हे प्रमाण निम्म्यावर गेले. या स्थित्यंतराबरोबर 'सरपंचपती' हा शब्द वृत्तपत्रांत रुळला. 'सरपंचपत्नी' म्हणजे केवळ सरपंचाची पत्नी. 'सरपंचपती' म्हणजे मात्र पत्नीच्या पदावरून कारभार हाकणारा पुरुष. दोन्ही समासांची घडण एकच, पण सत्ता एकाच बाजूला. हा शब्द उपरोधाने वापरला जातो खरा. तथापि त्या उपरोधात निवडून आलेल्या स्त्रीचे नाव पुन्हा एकदा गळून पडते.

स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' पुन्हा प्रकाशात आणली. तेव्हापासून तिच्यावर विपुल लिहिले गेले. त्या लेखनातही 'फुले म्हणतात' आणि 'ताराबाई म्हणतात' ही विभागणी बव्हंशी अबाधित आहे. ज्या निबंधाने समान मापाची मागणी केली, त्याच्या समीक्षेने तरी ते माप आपल्या वाक्यरचनेला लावले पाहिजे. वृत्तपत्रांच्या भाषेची चिकित्सा करण्याचा अधिकार समीक्षेला त्यानंतरच प्राप्त होतो.