निर्धूर चूल

महाराष्ट्रातील जुन्या घरात चूल सहसा एकटी नसे. तिच्या अंगाला वैल असे. चुलीवरच्या भांड्याला लागून उरलेला जाळ आतल्या वाटेने वैलाकडे जाई, आणि इकडे भाकरी होईतो तिकडे आमटी शिजे. मागे राहिलेल्या निखाऱ्यावर दूध तापे. इंधनाच्या काटकसरीवर कोणी व्याख्यान देत नव्हते. पण काटकसर घरोघर होती. उणीव एवढीच की, धुराला वाट नव्हती. तो कौलांतून वा छपराच्या गवतातून जमेल तसा बाहेर पडे आणि तोवर गृहिणीच्या डोळ्यांत व छातीत मुक्काम करी.

ही वाट काढून देण्याच्या यत्नांचा एक उगम वर्ध्यास आहे. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत त्याचे काम सुरू झाले. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेचे नाव मगनवाडी. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे अर्थशास्त्री. निसर्गातील साधनांचे त्यांनी दोन वर्ग पाडले होते: कोळसा, खनिज तेल यांसारखी साठ्यातील, म्हणजे काढू तितकी घटणारी, आणि अरण्य, नदी यांसारखी वाहती, जी जपून वापरल्यास पुन्हा भरून येतात. रॉकेलऐवजी वनस्पती-तेलावर जळणारा ‘मगनदीप’ याच विचारातून निघाला. पुढे १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ आली. तीत अद्भुत असे काही नव्हते. जाळ मातीच्या भुयारातून एका भांड्याखालून दुसऱ्याखाली न्यायचा आणि धूर शेवटी धुराड्यात सोडायचा. जुन्या वैलालाच धुराडे जोडले, असे म्हटले तरी चालेल.

हैदराबादेस अभियांत्रिकी संशोधनशाळेत एस. पी. राजू यांनीही अशीच चूल तयार केली आणि १९५३ साली तिच्यावर इंग्रजीत एक पुस्तिका काढली. कोट्यवधींसाठी निर्धूर स्वयंपाकघरे, असा तिच्या नावाचा अर्थ. त्या नावात धूर आहे, सरपण नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आरंभीच्या या मंडळींपुढे प्रश्न बाईच्या डोळ्यांचा होता.

वीस वर्षांत प्रश्न बदलला. १९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले, आणि १९७५ साली एरिक एकहोम या अमेरिकन लेखकाने सरपणाची टंचाई हेच गरिबांचे इंधनसंकट, असे मांडले. चुलीमुळे अरण्ये संपत आहेत, ही समजूत दृढ झाली आणि जी चूल डोळ्यांसाठी निर्माण झाली तिच्यावर अरण्य वाचविण्याचे ओझे आले. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा प्रयोग हाती घेतला. लवकरच तो देशव्यापी कार्यक्रम झाला. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र’ विभागाने तीन भांड्यांची चूल सिद्ध केली होती. साध्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी शेकडा १० च्या आसपास भांड्याला मिळते. नव्या चुलींनी प्रयोगशाळेत हे प्रमाण दुपटीवर नेले. २००२ पर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या आणि मग केंद्राने ते काम राज्यांवर सोपविले.

बसविल्या गेल्या, हा आकडा कचेरीत मिळतो. पेटल्या किती, हे स्वयंपाकघरात पाहावे लागते. मातीला तडे जात, धुराड्यात काजळी साठे आणि ती काढण्यास छपरावर कोणी चढत नसे. दुसऱ्या भोकावर भांडे ठेवले नाही की धूर तेथून परत खोलीत येई. धुराड्याची ओढ जास्त झाली तर जाळ भांड्याला न लागताच वर जाई; म्हणजे धूर गेला, पण सरपण वाढले. भाकरीचा प्रश्न तर कोणी फारसा विचारातच घेतला नसावा. ती तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी जाळावर फुगवावी लागते. अरुंद तोंडाच्या चुलीत ती कोठे ठेवायची? शिवाय धुराचाही काही उपयोग होता. गवती छपराला आणि वर टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना त्यामुळे कीड लागत नसे.

अरण्याचा हिशेबही चुकीचा निघाला. खेड्यातील इंधनाचा मोठा भाग तोडलेल्या झाडांचा नसतो. तो वाळक्या फांद्या, तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांचा असतो. चुलीने मोळी हलकी केली असेल, तर ती बाईच्या डोक्यावरची. ही बचत लहान नव्हे. पण अरण्याच्या खात्यावर ती मांडता येत नाही.

दरम्यान धुराकडे पुन्हा लक्ष वळले. १९८१ साली कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर लहान यंत्रे बांधून श्वासाबरोबर आत जाणारी धूळ व काजळी मोजली. शहरांतील गिरण्यांच्या धुराची चर्चा पुष्कळ होत असे. घरातला धूर मोजावा, हे मात्र तोपर्यंत फारसे कोणास सुचले नव्हते. पुढे हेही स्पष्ट झाले की, अर्धवट जळालेल्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि काजळी निघते, आणि धुराडे ती नाहीशी करीत नाही. घरातून गल्लीत नेऊन सोडते. ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांची चार वर्षांपर्यंत पाहणी झाली. पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर कमी झाला. नंतर दुरुस्तीअभावी तो फरक उरला नाही. सरपणही वाचलेले आढळले नाही.

१ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि चूल सुधारण्याऐवजी ती बदलण्याचे धोरण पुढे आले. सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, आठ कोटीवी जोडणी देण्यात आली. गॅसच्या ज्योतीला धूर जवळजवळ नाही. तथापि कुमारप्पांच्या भाषेत हा प्रवाह सोडून साठ्याकडे केलेला प्रवास आहे, आणि त्या साठ्याचा निम्म्याहून अधिक भाग परदेशातून येतो. टाकी संपली आणि हाती पैसा नसला की सरपण पुन्हा घरात येते. पुष्कळ घरांत चहा व भाजी शेगडीवर होते. भाकरी आणि आंघोळीचे पाणी अद्याप परसातल्या तीन दगडांवर.