खचणारीं घरें आणि पायाखालची माती

१५ जानेवारी १९३४ रोजीं दुपारीं दोन वाजून गेल्यावर उत्तर बिहारची धरणी हादरली. बिहार व नेपाळ मिळून दहा हजारांवर माणसें प्राणांस मुकलीं. मुंगेर शहराचा तर ढिगारा झाला. परंतु सीतामढी, मधुबनी, पूर्णिया या पट्ट्यांत कांहीं निराळेंच घडलें. तेथें पुष्कळ पक्कीं घरें कोसळण्याऐवजीं तिरपीं होऊन जमिनींत रुतलीं. रेल्वेचे बांध खचले, विहिरी वाळूनें बुजल्या, शेतांतून पाणी व वाळू यांचीं कारंजीं उसळलीं. भूगर्भ-संशोधन खात्यानें १९३९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत सुमारें ३०० किलोमीटर लांबीच्या या पट्ट्याचें वर्णन आहे. संकटनिवारण समितीचा हिशेब सांभाळणारे जे. सी. कुमारप्पा पुढें वर्ध्यास मगनवाडींत राहिले, एवढाच काय तो त्या वाळूचा वर्धा जिल्ह्याशीं संबंध.

मापांत भरलेलें धान्य हलविलें कीं तें खालीं बसतें. मोकळी बारीक वाळूही तशीच बसूं पाहते. पण तिच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी भरलेलें असल्यास त्यास क्षणार्धांत वाट मिळत नाहीं. भार पाण्यावर पडतो, कणांची पकड सुटते, आणि घट्ट वाटणारी जमीन कढीसारखी पातळ होते. मग भिंत कितीही भक्कम असो!

१६ जून १९६४ रोजीं जपानांतील निइगाता शहरीं कांहीं चौमजली इमारती फारशा न मोडतां कलल्या. एक तर जवळजवळ आडवी झाली. त्याच शहरांत जेथें वाळू आधींच यंत्रानें हादरवून घट्ट केली होती, तेथील बांधकामें बरींच बचावलीं. वाळूचा थर भेदून खालच्या कठीण थरांत खांब रोवणें, किंवा पाण्यास निसटावयास खडीचे उभे स्तंभ भरणें, हेही उपाय आहेत.

आष्टी तालुक्यांतील तळेगांव (श्यामजी पंत) येथील काळी चिकण माती अशी पातळ होत नाहीं. तिचा खोडसाळपणा वेगळा. ती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते; भूकंपावांचूनच भिंत तडकते. म्हणून जुने गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणीत, आणि तें योग्यच होतें. मुरूम फार खोल असल्यास रुडकीच्या केंद्रीय इमारत-संशोधन संस्थेनें पुरस्कारिलेले, तळाशीं फुगीर खांब उपयोगीं पडतात.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीस घरें रुतलीं नाहींत. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. तेथें दोष भिंतीचा होता. नदीकांठच्या भरावावर बांधणाऱ्यानें मात्र भिंतीपूर्वीं जमिनींत भोंक पाडून, वाळू किती खोल व पाणी किती वर, हें आधीं पाहावें.