विश्वामित्रीची हद्द

पावागडच्या डोंगरात उगम पावलेली विश्वामित्री उतरणीला लागते, बडोदे शहराच्या मधून वळणे घेत वाहते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताची वाट धरते. मही आणि नर्मदा या थोरल्या नद्यांच्या शेजारी ती लहानच म्हणावी लागेल. वर्षातील बराच काळ पुलावरून जाणाऱ्याचे तिच्याकडे लक्षही जात नाही. तरीही बडोद्याचा इतिहास या लहान नदीच्या काठीच सुरू होतो. प्राचीन अंकोट्टक, म्हणजे आजचे अकोटा, याच नदीकाठच्या उंचवट्यावर वसले होते. तेथे सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आज बडोद्याच्या संग्रहालयात आहेत. आणि ते संग्रहालय ज्या सयाजीबागेत उभे आहे, ती बागही विश्वामित्रीच्याच काठी आहे. पाण्याच्या जवळ, परंतु पुराच्या वर, अशी ती प्राचीन वस्तीची जागा होती. नदी कोठवर येते हे जाणून घर कोठे बांधायचे ते ठरवावे, एवढे शहाणपण त्या निवडीत दिसते. पुढच्या काळात बडोद्याने हे शहाणपण कसे गमावले आणि ते परत मिळवण्यासाठी नागरिकांनी कोणते प्रयत्न केले, हाच विश्वामित्रीच्या अर्वाचीन इतिहासाचा गाभा आहे.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मुलगा १८७५ साली दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला आणि सयाजीराव महाराज झाला. त्यांच्या अल्पवयीन काळातच, १८७९ साली, नदीकाठची कमाटीबाग लोकांसाठी खुली झाली. तीच आजची सयाजीबाग. बडोद्यापुढचा त्याहून बिकट प्रश्न पिण्याच्या पाण्याचा होता. विहिरी आणि तळी यांचे पाणी पुरेसे नव्हते, शुद्धही नव्हते. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या ईशान्येस आजवा येथे सयाजी सरोवर बांधण्यात आले आणि तेथून उताराच्या बळावर नळाने शहरात पाणी आणण्यात आले. संस्थानी कारभारातील लोकोपयोगी कामांत आजव्याचे स्थान फार वरचे आहे. घरोघरी पाणी पोहोचल्याने रोगराईला आळा घालणे सोपे झाले आणि स्त्रियांच्या डोक्यावरचा हंड्यांचा भार हलका झाला.

या उपकारक योजनेचा एक परिणाम मात्र हळूहळू जाणवू लागला. पाणी नळातून मिळू लागल्यावर नदीचे पाणी कसे आहे, हे रोज पाहण्याची गरज कोणालाच उरली नाही. नदीकाठी बाग राहिली, मंदिरे राहिली, स्मशान राहिले. सयाजीरावांच्या राजवटीला साठ वर्षे झाल्याच्या निमित्ताने १९३६ साली विश्वामित्रीच्या पुलाजवळ कीर्तिमंदिर उभे राहिले. नदी शोभेची आणि संस्कारांची जागा बनली. शहराच्या दैनंदिन निगराणीतून मात्र ती सुटत गेली. जुलै १९२७ च्या अतिवृष्टीत गुजरातेत महापुराने हाहाकार माजवला आणि त्याचा मोठा तडाखा बडोद्यालाही बसला. तो इशाराही पुढच्या पिढ्यांच्या स्मरणातून पुसट झाला.

स्वातंत्र्यानंतर बडोद्याचा विस्तार झपाट्याने झाला. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, त्यामागोमाग रासायनिक उद्योग आणि त्यांच्या ओढीने आलेली लोकसंख्या यांमुळे शहर चारही दिशांना पसरले. सांडपाणी वाहून नेण्याची व्यवस्था या वाढीच्या मागे पडली आणि घरगुती मैलापाणी नदीत उतरू लागले. याहून कमी दिसणारी, पण अधिक खोल इजा नदीच्या परिसराला झाली. विश्वामित्रीच्या दोन्ही काठांना लहानमोठ्या घळी आहेत; स्थानिक लोक त्यांना कोतरे म्हणतात. भूखी, मसिया, रूपारेल अशी नावे असलेले नैसर्गिक ओढे, म्हणजे कांस, पावसाचे पाणी नदीपर्यंत नेतात. पूर येतो तेव्हा हीच कोतरे आणि सखल जागा जादा पाणी काही काळ धरून ठेवतात आणि नंतर सावकाश सोडतात. वर्षातील दहा-अकरा महिने त्या कोरड्या असल्याने त्या मोकळ्या जमिनीसारख्या दिसतात. त्यांत राडारोडा पडला, भराव झाला, भरावावर इमारती आणि रस्ते आले. नकाशावर नदी तेवढीच राहिली. प्रत्यक्षात तिची जागा आकसत गेली.

या आकसणाऱ्या जागेत एक रहिवासी मात्र टिकून राहिला. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि दाट वस्तीच्या शहरातून वाहणाऱ्या नदीत त्या इतक्या संख्येने असणे ही भारतात दुर्मीळ गोष्ट आहे. २०२५ साली झालेल्या गणनेत त्यांची संख्या चारशेहून अधिक भरली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. त्या मातीच्या काठात बिळे करतात, उन्हाळ्यात अंडी घालतात आणि पावसाळ्याच्या सुमारास पिले बाहेर येतात. पूर आला की त्या पाण्याबरोबर वसाहतींत शिरतात. अशा वेळी वनखात्याच्या माणसांबरोबर शहरातील प्राणिमित्र संस्थांचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री जातात, मगर दोरांनी जेरबंद करतात आणि सुरक्षित जागी सोडतात. घराच्या अंगणात आलेल्या मगरीला मारायचे नाही, खबर द्यायची, ही सवय बडोदेकरांना या स्वयंसेवकांनी लावली. नदीच्या जतनाचा हा पहिला लोकशिक्षणाचा धडा होता, असे म्हणता येईल.

दुसरा धडा अधिक कठीण होता. नदीकाठ स्वच्छ करावा, प्लास्टिक वेचावे, झाडे लावावीत, असे उपक्रम विद्यार्थ्यांनी आणि नागरिकांनी वेळोवेळी केले. गणेशोत्सव हा बडोद्यातील मराठी समाजाचाच नव्हे तर अवघ्या शहराचा उत्सव. त्यातील मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांत करण्याची प्रथाही रुजत गेली. या कामांचे मोल आहेच. परंतु काठावरचा कचरा उचलून कोतरात पडलेला भराव हटत नाही, ही जाणीव काही अभ्यासू नागरिकांना झाली. त्यांनी नदीकाठाने पायी फिरून भरावाच्या जागा छायाचित्रांसह नोंदवल्या आणि अधिकाऱ्यांना पत्रांमागून पत्रे लिहिली. साबरमतीच्या धर्तीवर विश्वामित्रीच्या काठाचा विकास करण्याची योजना पुढे आली, तेव्हा या मंडळींनी मूलभूत प्रश्न विचारला : विश्वामित्री नेमकी कोठवर आहे? वळणे, कोतरे आणि पूरक्षेत्र यांसह तिची हद्द आधी ठरल्याशिवाय काठ कोठे बांधणार?

पर्यावरण कार्यकर्ते रोहित प्रजापती आणि त्यांचे सहकारी २०१६ साली हा प्रश्न घेऊन राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. त्यामुळे बडोद्याच्या नदीचा दावा मुळा-मुठेच्या काठच्या शहरात चालला. पर्यावरणविषयक मंजुरीशिवाय काम पुढे नेण्यास न्यायाधिकरणाने त्याच वर्षी मनाई केली. पुढे तारखा पडत राहिल्या, अहवाल सादर होत राहिले आणि मे २०२१ मध्ये अंतिम आदेश झाला. नदीची हद्द आखावी, तिच्या पात्रात व पूरक्षेत्रात होणारा भराव आणि अतिक्रमण रोखावे, प्रदूषण थांबवावे आणि यासाठी कृती आराखडा अमलात आणावा, असा त्याचा आशय होता. हद्द आखण्याची नागरिकांची मागणी आता न्यायालयीन आदेशाचा भाग बनली.

आदेश कागदावर आला तरी पाणी कागद वाचून थांबत नाही. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळून शहर बुडाले होते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस त्याहून भीषण प्रसंग आला. वरच्या भागातील पाऊस आणि आजव्यातून येणारे पाणी यांमुळे विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. अनेक वसाहतींत पाणी दिवसचे दिवस साचून राहिले. ज्या आजव्याने शहराला एकेकाळी नळ दिला, त्याच आजव्याच्या बासष्ट दरवाजांकडे आता पावसाळ्यात शहर धास्तीने पाहते. वरच्या अंगाने येणारे पाणी पूर्वीचेच होते; खालच्या अंगाला ते सामावून घेणारी जागा पूर्वीची राहिली नव्हती.

या पुरानंतर राज्य शासनाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात सुमारे २४ किलोमीटर लांबीच्या पात्रातील गाळ काढून ते रुंद करण्याचे काम पावसाळ्यापूर्वी तडीस नेण्याचा प्रयत्न झाला. येथे नागरिकांतच दोन मते दिसली. ज्यांच्या घरांत कमरेइतके पाणी शिरले, ज्यांचे धान्य, पुस्तके, दुकानातील माल वाहून गेला, त्यांना नदी तातडीने खोल व्हावी असे वाटणे स्वाभाविक होते. तर अभ्यासकांचा आक्षेप असा की, यंत्रांनी काठ खरवडले तर झाडे, मगरींची बिळे आणि कासवांच्या जागा नष्ट होतात, उघडी माती पुढच्या पावसात पुन्हा पात्रात येते, आणि बुजवलेली कोतरे व कांस मोकळे केल्याविना नुसत्या खोदकामाने पूर टळत नाही. काम चालू असताना वन्यजीवांच्या रक्षणासाठी वनखाते आणि जाणकार यांचे लक्ष राहावे, ही अपेक्षा या आग्रहातूनच बळावली. पूरग्रस्त आणि पर्यावरणप्रेमी हे दोन निरनिराळे पक्ष आहेत असे समजणे चुकीचे ठरेल. दोघांच्याही गाऱ्हाण्याचे मूळ एकच आहे : नदीच्या जागेवर शहर चढले.

विश्वामित्री निर्मळ झाली, तिचा प्रश्न सुटला, असा शेवट या इतिहासाला अद्याप लाभलेला नाही. मैलापाणी पूर्णपणे थांबवणे, भराव हटवणे आणि आखलेली हद्द प्रत्येक नव्या बांधकामाच्या वेळी पाळणे ही कामे वर्षानुवर्षे चालणारी आहेत. ती एका मोहिमेत किंवा एका निकालात संपत नाहीत. तरीही गेल्या दशकात एक बदल निश्चित घडला. पूर्वी नदीविषयीचे कागद कचेऱ्यांपुरते होते. आता कोणत्या कोतरात भराव पडला, आजव्याची पातळी किती, काळा घोड्याजवळच्या पुलापाशी पाणी किती फुटांवर आले, हे सामान्य बडोदेकर विचारतो आणि त्याचे उत्तर मागतो.

शाळेच्या वयाची साठ वर्षे म्हणजे शहराच्या विस्ताराचीही साधारण तीच वर्षे. या काळात बडोद्यात वाढलेल्या पिढ्यांनी विश्वामित्री बहुधा पुलावरूनच पाहिली. आज शाळेत शिकणाऱ्या मुलांना ती अधिक जवळून पाहता येईल. आपल्या घराजवळचा कांस कोणता, तो कोठे नदीला मिळतो, आजोबांच्या आठवणीत पुराचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे त्यांनी वडीलधाऱ्यांना विचारून वहीत उतरवले, तर हद्दीच्या खुणांची ती एक विश्वसनीय नोंद होईल. अकोट्याच्या टेकाडावर घर बांधणाऱ्यांना जे ठाऊक होते, ते त्या वहीत पुन्हा लिहिले जाईल.