बोललेला शब्द आणि लिहिलेली साक्ष

ज्यांचा इतिहास इतरांनी लिहिला, किंवा कोणी लिहिलाच नाही, त्यांच्यासाठी मौखिक साक्ष हेच पहिले दफ्तर होय. परंतु मुलाखत ऐकून ती कागदावर उतरविणे हे केवळ लेखनिकाचे काम आहे, हा समज आम्हांस घातक वाटतो. अमेरिकेतील एक उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

१९३६ ते १९३८ या काळात तेथील शासनाच्या फेडरल रायटर्स प्रोजेक्टने गुलामगिरी भोगलेल्या वृद्धांची २,३०० हून अधिक निवेदने गोळा केली. बहुतेक मुलाखतकार गोरे होते. ध्वनिमुद्रण क्वचितच झाले. टिपणे आणि स्मरण यांवरून मजकूर सिद्ध होई. चार्ल्सटन येथील सुसान हॅम्लिन या वृद्धेची १९३७ साली दोघांनी स्वतंत्रपणे मुलाखत घेतली. गोऱ्या मुलाखतकर्तीला, ती सरकारी मदत-कचेरीतून आली आहे अशा समजुतीने, तिने मालकाचा दयाळूपणा सांगितला. कृष्णवर्णीय ऑगस्टस लॅडसन यांना मात्र तिने फटक्यांची शिक्षा सांगितली, आणि आप्त अचानक विकले जात तेव्हा रात्रंदिवस उठणारा आक्रोशही. साक्षीदार एकच, साक्षी दोन!

लिहिण्यातही दोष शिरला. अनेकांनी विचित्र वर्णलेखन करून बोली हास्यास्पद केली. उच्चाराच्या नकलेपेक्षा बोलण्याची खरी धाटणी जपावी, असा आग्रह प्रकल्पातील कृष्णवर्णीय संपादक, कवी स्टर्लिंग ब्राउन यांनी धरला.

आपल्याकडे धोका उलट दिशेने येतो. येथे बोली 'शुद्ध' केली जाते आणि बोलणाऱ्याचा बाणा पुसला जातो. बुद्धवचन छंदस्मध्ये बांधावे, ही ब्राह्मणकुलातील दोन भिक्खूंची विनंती तथागतांनी नाकारल्याचे चुल्लवग्गात नमूद आहे. हा दाखला शब्दांकन करणाऱ्याने सदैव स्मरावा.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. चळवळीच्या इतिहासात ज्यांची नोंद तुरळक होती, त्या स्त्रिया त्यातून वाचकांसमोर आल्या. हे कार्य पुढे नेणाऱ्या अभ्यासकांनी काही पथ्ये पाळावीत. उत्तराबरोबर प्रश्नही लिहावा. थांबणे, हसणे, गहिवरणे कंसात नोंदवावे. न कळलेला शब्द तर्काने भरू नये. जागा मोकळी सोडावी. उतरविलेला मजकूर सांगणाऱ्यास वाचून दाखवावा. संपादित प्रत वेगळी ठेवावी आणि मूळ ध्वनिमुद्रण कदापि पुसू नये.

चळवळीचे साक्षीदार दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांची साक्ष त्यांच्याच वाणीत पुढच्या पिढीच्या हाती देणे, हे आपले कर्तव्य आहे.