‘तुंबाड’ : जरा, काळ आणि अमरत्व

जरेचे भय आणि अमरत्वाची हाव हा भारतीय कथापरंपरेचा पुरातन विषय होय. पुत्राचे तारुण्य मागणारा ययाती आणि मरणाला पारखा झालेला अश्वत्थामा ही त्याची दोन टोके. वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीत पहिल्या टोकाचा विचार केला. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटात ही दोन्ही टोके एकत्र आली आहेत.

चित्रपटाची भाषा हिंदी असली तरी त्याची मुळे मराठी आहेत. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीचे स्मरण करून देते. बीज नारायण धारपांच्या भयकथेचे आहे. मराठी समीक्षेने या दोघांना एका पंक्तीस क्वचितच बसविले. पेंडशांचा काळ जगबुडीसारखा वाहतो; घराणी चढतात आणि ढासळतात. धारपांच्या कथाविश्वात मात्र जे संपावयास हवे ते संपत नाही.

या दोन काळांची गाठ हेच चित्रपटाचे मर्म होय. १९१८, १९३३ आणि १९४७ असे त्याचे तीन खंड. बाहेर इतिहास पुढे सरकतो. वाड्यात साखळदंडाने जखडलेली वृद्धा तशीच उरते. पंधरा वर्षांनी तिच्या देहातून वृक्ष फुटलेला असतो, तरी हृदय धडधडतच असते. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणात अखंड पाऊस, शेवाळ आणि दिव्याचा तांबूस उजेड यांतून कुजण्याची क्रिया दृश्यमान होते. सारे काही मातीत मिसळू पाहते. ती वृद्धा तेवढी मिसळू शकत नाही. तिला धन नको असते, अग्नी हवा असतो.

‘तुंबाड’ला लोभाची नीतिकथा म्हणणे चूक नव्हे, अपुरे आहे. विनायक अमरत्वाचे हे रूप डोळ्यांनी पाहूनही मोहरांच्या मागे जातो, आणि शरीर थकू लागताच पुत्र पांडुरंगाला त्याच गर्भात उतरण्याचे शिक्षण देतो. ही ययातीचीच याचना होय. वाडा सरकारजमा होण्याच्या वार्तेने त्याची घाई वाढते. कोकणातील खोतीही पुढे १९४९ च्या कायद्याने संपुष्टात आली, हे येथे आठवावे. अखेरीस विनायक स्वतःच वृद्धेच्या अवस्थेला पोहोचतो. तो पुढे केलेले धन पुत्र नाकारतो आणि पित्याला अग्नी देतो. पुरूने पित्याला तारुण्य दिले. पांडुरंग मरण देतो. पुराणकथेचे हे उलटे वळण हीच या कृतीची खरी कमाई.

माता आणि पत्नी यांची चित्रे येथे रेखाटनापलीकडे जात नाहीत, हे उणेपण मान्य करावयास हवे. तथापि वास्तववादी कादंबरी आणि भयकथा यांच्यामध्ये समीक्षेने उभारलेली भिंत या चित्रपटाने ओलांडली आहे. धारपांचे मूल्यमापन आता केवळ रंजनाच्या सदरात उरकता येणार नाही.