पाण्याखाली गेलेला रेल्वेमार्ग

उत्तर वेल्समध्ये त्रवेरिन नावाची छोटी नदी आहे. तिच्या खोऱ्यात कापेल केलिन हे खेडे होते. बाला ते फेस्टिनिओग हा लोहमार्ग १८८२ साली याच खोऱ्यातून गेला. गावाला स्वतःचा थांबा मात्र १९३० साली मिळाला. शाळा, टपाल कचेरी, प्रार्थनामंदिर आणि वेल्श बोलणारी शेतकरी कुटुंबे, एवढेच ते गाव.

लोहमार्ग खोऱ्यातूनच का नेला? गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाकाचे घर्षण कमी असते, त्यामुळे आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही. नदीने डोंगरातून कोरलेली सौम्य उताराची वाट तिला सोयीची पडते. आता धरण बांधणाऱ्याचा विचार करा. त्याला हवे असते पसरट खोरे आणि त्याचे अरुंद तोंड. म्हणजे दोघांचीही नजर नदीखोऱ्यावरच!

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराला पाणी हवे होते. १९५७ साली ब्रिटिश संसदेने त्यासाठी कायदा केला. वेल्सच्या बहुतेक खासदारांचा विरोध होता. पण संसदेचाच कायदा झाल्याने वेल्समधील स्थानिक नियोजन संस्थांच्या संमतीची गरज उरली नाही. १९६० च्या जानेवारीत प्रवासी गाड्या थांबल्या, पुढच्या वर्षी मालवाहतूकही. १९६५ साली धरणाचे उद्घाटन झाले. ६७ रहिवाशांपैकी ४८ जणांची घरे गेली.

ब्रिटनमधील अनेक ग्रामीण मार्ग तोट्यामुळे बंद झाले. या मार्गावरही उतारू थोडेच होते, म्हणून तो डोंगराच्या कुशीतून वळवण्याचा खर्च परवडणारा ठरला नाही. याउलट, त्याच मार्गाचे ट्राउस्वनिदकडील टोक टिकले, कारण तेथे अणुवीज केंद्र उभे राहत होते आणि इंधनाची ने-आण रेल्वेने करायची होती. थोडक्यात, कोणता रूळ राहील आणि कोणता बुडेल, हे केवळ भूगोलाने ठरत नाही.

लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने २००५ साली जाहीर क्षमा मागितली. गाव अर्थातच परत आले नाही.

वर्गात एक उपक्रम करता येईल. आपल्या परिसरातील एखाद्या धरणापूर्वीचा आणि नंतरचा नकाशा शेजारी ठेवा. कोणत्या वाटा तुटल्या, पाणी कुठे गेले, किंमत कोणी मोजली, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.