निर्णय कोणाचा? विज्ञानधोरणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

मराठीत विज्ञान समजावून सांगण्याची परंपरा जुनी आणि सकस आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हे काम करते आहे. मात्र लागलेला शोध शेतात किंवा दवाखान्यात कोणाच्या परवानगीने येतो, धोका कोण पत्करतो आणि नुकसान झाले तर जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न आपण बहुधा राजकारणाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. या प्रश्नांचा शिस्तीने विचार करणारे अभ्यासक्षेत्र गेल्या पन्नासेक वर्षांत जगभर उभे राहिले आहे. मराठी वाचकांना त्याच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडावे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू.

या क्षेत्रातले एक बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. एका जीवाची जनुके दुसऱ्यात जोडण्याचे तंत्र हाती आल्यावर, १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन स्वतःसाठी नियम आखले. पुढच्याच वर्षी केंब्रिज शहराच्या नगरपरिषदेने विचारले की प्रयोगशाळा आमच्या वस्तीत, मग नियम ठरवणारे तुम्हीच कसे? हार्वर्डसारख्या विद्यापीठाच्या गावात परिषदेने काही प्रयोग थांबवले आणि सामान्य नागरिकांची समिती नेमली. समितीने महिनोन्‌महिने तज्ज्ञांना ऐकून घेतले आणि अटी घालून प्रयोगांना हिरवा कंदील दाखवला. विषय नीट मांडला, तर शास्त्रज्ञ नसलेली माणसेही जबाबदारीने निर्णय घेतात, हे तिथे दिसले.

आपल्याकडचे उदाहरण वांग्याचे. जालन्यात उभ्या राहिलेल्या महिको कंपनीच्या बीटी वांग्याला, म्हणजे जीवाणूचे जनुक जोडल्याने अळीला मारक विष स्वतःच तयार करणाऱ्या वाणाला, ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने मान्यता दिली. तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मात्र सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांत नागपूरही होते. शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक समोरासमोर भांडले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती जाहीर झाली. शास्त्रज्ञांत एकमत नाही आणि अनेक राज्य सरकारे राजी नाहीत, ही त्यामागची कारणे सांगितली गेली. हेच तंत्रज्ञान बांगलादेशाने २०१३ मध्ये स्वीकारले. वांगे तेच, अळीही तीच, निर्णय वेगळे. हा फरक प्रयोगशाळेत सापडत नाही, तो समाजात शोधावा लागतो.

निर्णय कागदावर झाला तरी धोरण तिथे संपत नाही. २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कापसाच्या पाकिटात ४५० ग्रॅम बियाण्यासोबत साध्या, बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी येत असे. ही ‘रेफ्युजी’ शेताच्या कडेने पेरायची. काही अळ्या साध्या झाडांवर जगल्या, तर विषाला न जुमानणाऱ्या अळ्यांचीच पैदास होणार नाही, हा त्यामागचा हिशेब. शास्त्र बिनचूक होते. पण दोन-चार एकरांच्या धन्याने अळीसाठी तास का सोडावेत, याचे उत्तर त्यात नव्हते. अनेक पुड्या बांधावरच राहिल्या. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला पुरून उरली आणि २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाची दैना झाली. न पेरलेली रेफ्युजी हे त्याच्या अनेक कारणांपैकी एक. दुसरीकडे, २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी परवानगी नसलेले तणनाशकरोधी बियाणे उघडपणे पेरले. त्यांची मागणी बंदीची नव्हती, तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची होती. समाज म्हणजे नेहमी विरोध, हा समज सोडून द्यावा.

या विषयाकडे वळताना वाचकांनी सिद्धान्तांपासून सुरुवात करण्याची गरज नाही. जवळचे एखादे प्रकरण निवडा आणि त्याला तीन प्रश्न विचारा: पुरावा कोणी तयार केला, निर्णयाच्या वेळी कोणाला बोलावले नाही, आणि फायदा एकाकडे व जोखीम दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली का? तज्ज्ञांवर आंधळा विश्वास जितका घातक, तितकाच सरसकट संशयही. दोन्ही टाळून वाचा. शीला जॅसनॉफ यांच्यासारख्या अभ्यासकांचे ग्रंथ त्यानंतर हाती घेतले, तर ते परके वाटणार नाहीत.

जनुकसंपादित पिके आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचे नियम आज घडत आहेत. ते पुरते ठरण्याआधी मराठी वाचकांनी या चर्चेत यावे, आपल्या गावाचा अनुभव घेऊन यावे. तुमचे स्वागत आहे.